मदत हवी आहे: आर्टेमियाची टरफलं वेगळी कशी करायची?

नमस्कार मंडळी. बेट्टा माशाची पिल्लं आता पोहायला लागली आहेत, म्हणून त्यांना खायला घरीच आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव) अंडी उबवतेय. बूड कापून उलट्या टांगलेल्या बाटलीत लिटरभर पाणी, 25 ग्रॅम जाडं मीठ, तळापर्यंत हवेची नळी, वर दिवा. पाणी 28 अंशांच्या आसपास राहिलं की साधारण 24 तासांत आर्टेमियाची नारिंगी पिल्लं वळवळताना दिसतात. इथवर छान.

अडतं ते काढताना. हवा बंद करून थोडं थांबते, खाली टॉर्च धरते, पिल्लं उजेडाकडे गोळा होतात. तरी नळीतून तपकिरी टरफलं येतातच. न फुटलेली अंडीही तळाशीच बसतात. एवढ्याशा माशांच्या पोटात ती अडकतील, याची फार काळजी वाटते.

उबवण्याआधी ब्लीचने टरफल विरघळवणं घरी जमतं का? किती वेळ ठेवायचं? ज्यांनी केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.