गाडी धावताना एसी गार, थांबली की कोमट: कॉम्प्रेसर बदलायचा का?

हॅचबॅक_०८

२०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, ८२,००० किमी झालेली. वापर रत्नागिरी शहरात, अधूनमधून आंबा घाटातून कोल्हापूर.

हायवेला ६० च्या वर एसी उत्तम. मारुती मंदिरला ट्रॅफिकमध्ये दोन-तीन मिनिटं उभं राहिलं की व्हेंटमधून कोमट हवा यायला लागते आणि तापमानाचा काटा नेहमीच्या जागेवरून थोडा वर सरकतो. मग अचानक पुढून फॅनचा मोठा आवाज येतो, काटा खाली येतो, हवाही थोडी गार लागते. फॅन बंद झाला की पुन्हा तेच. घाटात दुसऱ्या गिअरला एसी लावून चढताना काटा पाऊणपर्यंत जातो.

दीड महिन्यात एका गॅरेजमध्ये दोनदा गॅस टाकला. पहिल्या वेळी फरक पडला नाही, दुसऱ्या वेळेनंतर त्रास वाढला. आता कॉम्प्रेसर (एसीचा गॅस दाबणारा पंप) कमजोर आहे म्हणतात. कूलंटची पातळी बरोबर आहे. मल्टीमीटर आहे, गॅसचा दाब मोजायचं गेज नाही. कॉम्प्रेसरवर खर्च करण्याआधी काय तपासावं?

खारा_वारा

कॉम्प्रेसरला अजिबात हात लावू नका. तुमच्या वर्णनातच निदान आहे: फॅनचा हळू वेग गेलाय, जोराचा वेग शिल्लक आहे.

एसी चालू केला की फॅन काही सेकंदांत हळू वेगाने फिरायला हवा, इंजिन गरम असो वा नसो. कारण एसीच्या गॅसची उष्णता कंडेन्सरमधून, म्हणजे रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या एसीच्या जाळीतून, बाहेर पडते. गाडी धावत असताना वारा ते काम करतो, उभी राहिली की फॅनशिवाय दुसरं कोणी नसतं. फॅन फिरला नाही तर गॅसचा द्रव होत नाही, दाब चढत जातो आणि कूलिंग कॉइलला थंडावा मिळत नाही. तोच तापलेला वारा मागच्या रेडिएटरवर जातो, म्हणून काटा चढतो. शेवटी इंजिन शंभर अंशांच्या आसपास पोचलं, किंवा एसीचा दाब साधारण १५ बारच्या वर गेला, की जोराच्या वेगाचा रिले (विजेवर चालणारा स्विच) लागतो. तुम्हाला ऐकू येणारा मोठा आवाज तोच.

एक खबरदारी. कॉम्प्रेसर कमजोर असला तरी गाडी पळताना एसी बरा चालतो, कारण तेव्हा कॉम्प्रेसर जोरात फिरतो. म्हणून हा फरक आधी बघा. गाडी सावलीत उभी, एसी पूर्ण, ब्लोअर दोनवर. एक्सिलरेटर २००० आरपीएमला धरा. हवा गार झाली तर संशय कॉम्प्रेसरवर. कोमटच राहिली किंवा अजून बिघडली, तर दोष कंडेन्सरवरच्या हवेत किंवा जादा गॅसमध्ये.

दुसरी चाचणी पाण्याची. काटा नेहमीच्या जागी असताना, एसी चालू ठेवून, पुढच्या जाळीतून कंडेन्सरवर चार-पाच लिटर गोडं पाणी झारीने हळूहळू सोडा. मिनिटाभरात व्हेंट गार झाले तर कॉम्प्रेसर आणि गॅस दोन्ही काम करतायत, फक्त उष्णता बाहेर पडत नाहीये. इंजिन तापलेलं असताना हे करू नका.

वायरमन_कुडाळ

खारा_वारा यांच्याशी सहमत. आता वायरिंगचं क्रमाने.

हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद असलं तरी फॅन आपोआप सुरू होतो, बोटं जातात.

एकच फॅन असेल तर हळू वेगाचा करंट बहुधा रेझिस्टरमधून (करंट कमी करणाऱ्या तारेतून) जातो. तो फॅनच्या प्लास्टिक चौकटीवर, हवेच्या वाटेत बसवलेला असतो, म्हणजे खाऱ्या हवेचा मारा थेट त्याच्यावर. कपलर (वायरचा प्लास्टिक जोड) काढून दोन पिनांमध्ये ओहम मोजा. चांगल्या रेझिस्टरचं मोजमाप एक ओहमच्याही आत येतं. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली तार किंवा थर्मल फ्यूज उडालाय. तिथे वायर जोडून काम भागवू नका. मग हळू वेगाचा रिलेसुद्धा मोटरला पूर्ण करंट देतो, फॅन सतत जोरात फिरतो आणि कार्बन ब्रश लवकर संपतात.

दोन फॅन असतील तर हिशेब वेगळा. काही गाड्यांत हळू वेगाला दोन्ही मोटरी सिरीजमध्ये असतात, जोराला समांतर. एक मोटर मेली की हळू वेगाला दोन्ही थांबतात आणि जोराला एकच फिरते. तिथे रेझिस्टर शोधत बसण्यात अर्थ नाही.

मोटर बघायची तर कपलर काढून बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट द्या, मध्ये ३० अँपिअरचा फ्यूज घालून. फॅन अडखळत सुरू झाला, किंवा मोटरवर हलकं ठोकल्यावरच फिरला, तर ब्रश संपले. पूर्वी कोणी मोटर बदलली असेल तर दिशाही बघा. जाळीसमोर धरलेला पातळ कागद आत ओढला गेला पाहिजे. पिना उलट लागल्या की फॅन हवा पुढे ढकलतो. मग उभ्या गाडीत एसी चालत नाही, आणि फॅन फिरताना दिसतो म्हणून कुणाला शंकाही येत नाही.

किनाऱ्यावर माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तपासणी अर्थची, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडलेल्या निगेटिव्ह वायरची. फॅन जोरात फिरत असताना मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक मोटरच्या अर्थ पिनेला कपलरच्या मागून, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. ०.२ ते ०.३ व्होल्टपर्यंत ठीक. त्याहून जास्त असेल तर अर्थचा बोल्ट गंजलाय. ओहमवर मोजाल तर हाच जोड बरोबर दाखवेल, कारण एक शाबूत तार मीटरला पुरते, मोटरच्या करंटला पुरत नाही. बोल्ट काढून पत्रा चमकेपर्यंत घासा, घट्ट आवळा, वरून पेट्रोलियम जेली लावा.

जगबुडी_काठ

इतकं सगळं कशाला? फॅनला डॅशबोर्डवरून थेट स्विच द्या आणि थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला वाट देणारा व्हॉल्व्ह) काढून टाका. घाटात काटा हलणार नाही.

वायरमन_कुडाळ

दोन्ही करू नका, कळकळीने सांगतो. साध्या स्विचमधून फॅनचा करंट नेला की स्विच आणि वायर तापते, रिले आणि फ्यूज घालावेच लागतात. तेवढं करूनही स्विच लावायचं एकदा विसरलात तर घाटात हेड गॅस्केट जातं. थर्मोस्टॅट काढला तर थंड इंजिनला ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जादा पेट्रोल देत राहतो, ॲव्हरेज पडतं आणि ऑइल खराब होतं. सुमारे ८२ ते ८८ अंशांना उघडणारा थर्मोस्टॅट शाबूत असेल तर तो अडथळा नाहीच.

गेज_आणि_गॅस

गॅसबद्दल कोणी नीट बोललं नाही, आणि या गाडीत आता तोही दोष घुसलेला दिसतो. दोनदा वरून टाकला, वजन कोणी केलं नाही, दुसऱ्यांदा त्रास वाढला. ही गॅस जास्त झाल्याची खूण आहे.

गाडी बंद असताना गेज लावून "दाब बरोबर आहे" म्हणणं चूक. आर-१३४ए (एसीतला गॅस) चा दाब ३० अंशांना साधारण ९७ पीएसआय असतो. आत १०० ग्रॅम द्रव असो की ४०० ग्रॅम, आकडा तोच. तो गॅसचं प्रमाण सांगत नाही, फक्त आत थोडा द्रव शिल्लक आहे एवढंच सांगतो.

चालू गाडीत, १५०० आरपीएमला, बाहेर ३२ अंशांच्या आसपास, लो बाजू (कॉम्प्रेसरकडे येणारा कमी दाब) ३० ते ४५ आणि हाय (कॉम्प्रेसरमधून निघणारा जास्त दाब) २०० ते २५० पीएसआय अपेक्षित. दोन्ही चढलेल्या: फॅन, तुंबलेला कंडेन्सर, जादा गॅस किंवा आत हवा. दोन्ही उतरलेल्या: गॅस कमी, म्हणजे कुठेतरी गळती. लो चढलेली आणि हाय उतरलेली असेल तरच कॉम्प्रेसरकडे बोट दाखवा. हाय ४०० च्या पुढे गेली की प्रेशर स्विच कॉम्प्रेसर तोडतो, लोकांना वाटतं क्लच गेला.

उपाय एकच. मशीनने सगळा गॅस काढून वजन करा. बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅम छापलेले असतात, छोट्या गाड्यांत बहुतेक ३०० ते ४५० च्या दरम्यान. एवढ्याशा सिस्टिममध्ये १०० ग्रॅम जादा म्हणजे खूप. नंतर किमान ३० मिनिटं व्हॅक्यूम (पंपाने आतली हवा आणि ओल काढणे), पावसाळ्यात ४५. पंप बंद करून १५ मिनिटं काटा जागचा हलता कामा नये. मग वजनाने भरणे. जुना गॅस हवेत सोडू देऊ नका. कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट तापवणारा आहे तो.

आणि क्रम उलटा करू नका. आधी फॅन दुरुस्त, मग गॅस. बंद फॅनवर घेतलेला प्रत्येक दाब खोटा असतो.

खारा_वारा

कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधली फट टॉर्चने बघा. समोरून कंडेन्सर स्वच्छ दिसतो, पण मागच्या फटीत जांभ्याची लाल धूळ, किडे आणि वाळकं गवत यांचा गालिचा बसलेला असतो. इंजिन थंड असताना साध्या नळाच्या पाण्याने मागून पुढे धुवा. प्रेशर वॉशरने ॲल्युमिनियमच्या पाती आडव्या होतात आणि पुन्हा उभ्या राहत नाहीत. ॲसिड, कॉस्टिक काही नको. खालच्या ओळींतल्या पाती बोट लावताच पांढऱ्या भुकटीसारख्या झडत असतील तर त्या मिठाने खाल्ल्या, तिथे कंडेन्सर बदलणं हेच औषध.

कूलंटमध्ये विहिरीचं पाणी कधी घातलंय का? किनाऱ्यालगतच्या विहिरींना खारटपणा असतो, क्लोराइड रेडिएटर आतून पोखरतं. तयार मिश्रण किंवा डिस्टिल्ड पाण्यातलं ५०:५०, तिसरं काही नाही.

हॅचबॅक_०८

सगळं तपासलं. २००० आरपीएमला हवा कोमटच राहिली, पाणी सोडल्यावर मिनिटाभरात गार झाली. रेझिस्टर आतून तुटलेला निघाला, मीटर काहीच दाखवत नव्हतं. अर्थवर ०.९ व्होल्ट होते, बोल्ट घासल्यावर ०.१५. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या फटीतून मूठभर कचरा निघाला. नवा रेझिस्टर बसवून दुसऱ्या ठिकाणी मशीनवर गॅस काढला: ५२० ग्रॅम. स्टिकरवर ३८०. वजनाने भरल्यावर उभ्या गाडीत हाय २२५, लो ३६, मधल्या व्हेंटला ८ अंश. काटा हलत नाही. कॉम्प्रेसर जुनाच आहे. सगळ्यांचे मनापासून आभार.

वायरमन_कुडाळ

उत्तम. पंधरा दिवसांनी अर्धा तास एसी चालवून गाडी बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि रेझिस्टरच्या कपलरची पिन बघा. प्लास्टिक तपकिरी झालेलं दिसलं तर पिन सैल आहे. तेव्हा कपलर वायरच्या तुकड्यासकट नवा टाका, नाहीतर हा रेझिस्टरही जाईल.