ज्युनियर हॉकीच्या मॅचला पब्लिक का येत नाही?

पार्कचौकवाला: आपल्या पोरांची मॅच बघायला गेलो रविवारी, बघायला कोण तर पोरांचे आईबाप, दोन-चार रिक्षावाले अन् एक शेंगावाला. 2024च्या जानेवारीत सोलापूरच्या पार्क स्टेडियमवर महाराष्ट्र-मणिपूर रणजी होती तेव्हा केवढी चर्चा गावात, मग हॉकीला असं का?

कडकभाकरी: मॅच आहे हे कळतंच कुठं लका? आदल्या रात्री पालकांच्या ग्रुपवर मेसेज पडतो, तोपण "उद्या सकाळी" एवढाच, टाइम नाही काही नाही. अन् दुपारी बाराला सोलापूरच्या उन्हात कोण बसणार, वर साधा मांडव पण नसतो.

गड्डायात्रा: ऊन वगैरे बहाणे हो. गड्ड्याच्या जत्रेत धूळ खात फिरतोच की आपण. लोकांना नियम कळत नाहीत, शिट्टी कशाला वाजली तेच समजत नाही. कोणीतरी माइक घेऊन पेनल्टी कॉर्नर का मिळाला एवढं जरी सांगितलं ना तरी माणूस थांबतो. पंधरा-पंधरा मिनिटांचे चार क्वार्टर, दीड तासात घरी. डिसेंबर 2025ला चेन्नईत ज्युनियर वर्ल्ड कपमध्ये भारताची पोरं अर्जेंटिनाविरुद्ध 0-2 मागं होती, शेवटच्या क्वार्टरमध्ये चार गोल मारून ब्राँझ घेतलं, एवढा थरार टी-ट्वेंटीत तरी असतो का रोज?

पार्कचौकवाला: माइकचं बघतो, मंडळाचा स्पीकर पडूनच आहे. कडकभाकरी, तुम्ही टाइमटेबल टाका ना शाळांच्या ग्रुपवर.

कडकभाकरी: टाकतो, पण चार दिवस आधी द्या ओ.