मदत हवी आहे: विंचेस्टरच्या सेंट क्रॉसमधल्या घरांची आतली रचना

नमस्कार मंडळी,

इंग्लंडमध्ये विंचेस्टर किंवा साउदॅम्प्टनच्या बाजूला राहणारं कोणी आहे का इथे? मी वृद्धाश्रमांच्या वास्तुरचनेवर काम करतेय. त्यासाठी 'हॉस्पिटल ऑफ सेंट क्रॉस' या आल्म्सहाउसची, म्हणजे गरीब वृद्धांसाठी धर्मादाय बांधलेल्या घरांची, माहिती हवी आहे. बिशप हेन्री ऑफ ब्ल्वा याने ११३०च्या दशकात ते स्थापन केलं. तिथे आजही वृद्ध राहतात, हे मला फार मोलाचं वाटतं.

तिथलं चर्च नॉर्मन धाटणीचं, म्हणजे जाड भिंती आणि गोल कमानींच्या जुन्या शैलीतलं, भरभक्कम. त्याबद्दल भरपूर वाचायला मिळतं. माझा जीव अडकलाय तो आवारातल्या चौकाच्या पश्चिमेकडच्या दुमजली दगडी ओळीत. ही पंधराव्या शतकातली, विंचेस्टरचा नंतरचा बिशप कार्डिनल बोफर्ट याच्या काळातली घरं. छपरावर उंचच उंच धुराडी रांगेने उभी आहेत. एका दारातून आत गेलं की एक जिना आणि त्याभोवती चार घरं. सगळ्यांना एका दालनात झोपवण्याऐवजी प्रत्येकाला स्वतःचं दार! आपल्याकडचे कित्येक वृद्धाश्रम अजूनही एका हॉलमध्ये खाटा मांडतात, म्हणून हे मुद्दाम दाखवायचंय.

तर, त्या जिन्याची रुंदी आणि पायऱ्यांची उंची कोणी मोजून देईल का? वरच्या मजल्यावरच्या आजोबांसाठी नंतर काही सोय केली आहे का? आणि ओळीच्या मागच्या बाजूचे फोटो मिळाले तर फारच उत्तम. मात्र ती लोकांची राहती घरं आहेत, त्यामुळे आधी परवानगी घेऊनच.