विजेची दुचाकी, पंचविसाचा वेग आणि कायदा : आपले अनुभव लिहा

विजेवर चालणारी दुचाकी घ्यायला दुकानात गेले की एक वाक्य हमखास ऐकू येते : "लायसन्स नको, पासिंग नको, इन्शुरन्स नको." हे वाक्य खोटे नाही, पण ते कोणत्या गाडीला लागू पडते हे सांगितले नाही तर ते अर्धेच राहते आणि उरलेला अर्धा भाग गाडी घेणाऱ्याला पुढे चौकात कळतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील व्याख्येनुसार ज्या दुचाकीच्या मोटरची तीस मिनिटांची शक्ती (म्हणजे सलग तीस मिनिटे देता येणारी शक्ती) २५० वॅटपेक्षा कमी आहे, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आहे आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोपेक्षा जास्त नाही, ती दुचाकी मोटार वाहन मानली जात नाही. तिला योग्य ब्रेक हवेत, पुढे पांढरा आणि मागे लाल परावर्तक हवा, आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त चाचणी संस्थेचे त्या मॉडेलसाठीचे प्रमाणपत्र हवे. पॅडल मारून चालवायच्या विजेच्या सायकलीलाही हीच शक्तीची मर्यादा आहे. शिवाय वेग २५ला पोहोचला किंवा पॅडल थांबले की तिची मोटर बंद पडली पाहिजे. यांतली एखादी अट मोडली की तीच गाडी मोटार वाहन ठरते, आणि मग नोंदणी, परवाना, विमा, हेल्मेट हे सगळे एकदम लागू होते.

आपल्यापैकी अनेकांकडे अशा गाड्या आहेत. गाडी घेताना काय सांगितले गेले आणि प्रत्यक्षात काय घडले, हे कृपया सविस्तर लिहावे.

पुणे, एक पालक

मुलगी अकरावीत गेली तेव्हा तिला क्लासला जायला आम्ही कमी वेगाची स्कूटर घेतली. तिला सोळावे लागायचे होते, त्यामुळे परवान्याचा प्रश्न नसलेली गाडी मिळते आहे याचाच आम्हाला दिलासा वाटला. पहिला महिना गाडी खरोखरच पंचविसाच्या आत चालत होती. पहिल्या सर्व्हिसिंगनंतर मात्र मुलगी क्लासला दहा मिनिटे आधी पोहोचू लागली, आणि मी ते कौतुकाने ऐकत राहिले, याची खंत मला आजही आहे.

एका संध्याकाळी तिला चौकात थांबवले आणि मला फोन आला. हवालदारसाहेबांनी सीट उचलून दाखवली. कंट्रोलरमधून, म्हणजे मोटरला किती वीज द्यायची हे ठरवणाऱ्या पेटीतून, निघालेल्या दोन पांढऱ्या वायरींचा जोड सुटा केलेला होता आणि टोकांना काळी टेप गुंडाळलेली होती. वेगमर्यादा त्या एवढ्याशा जोडावर अवलंबून होती. मिस्त्रींना विचारले तेव्हा ते म्हणाले, "ताई, गाडी फार हळू पळते, म्हणून आपण होऊन खोलून दिली, पैसेसुद्धा लावले नाहीत."

चौकीत मला जे समजावून सांगितले गेले ते प्रत्येक पालकाने ऐकावे असे आहे. अल्पवयीन मुलाने मोटार वाहन चालवून गुन्हा केला, तर मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९अ नुसार पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. आमची गाडी विकत घेतली तेव्हा मोटार वाहन नव्हती, त्या दोन वायरी सुटल्यावर झाली. त्या दिवशी समज देऊन आम्हाला सोडले. गाडी मात्र जोड पूर्ववत करून, प्रमाणपत्राची प्रत दाखवल्यावरच परत मिळाली. ती प्रत दुकानदाराकडून मिळवायला अकरा दिवस लागले.

सांगली, दुरुस्तीचे दुकान

वरील ताईंनी लिहिले ते आमच्या व्यवसायात रोजचे आहे आणि त्यात दोष आम्हा कारागिरांचाही आहे, हे मी मान्य करतो. दहा गिऱ्हाइकांत चार जण तरी "थोडा पिकअप वाढवून द्या" म्हणतातच. मी आता ते काम करत नाही, कारण गाडीत असा फेरबदल करणाऱ्या मालकाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ नुसार प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि पैसे मी घ्यायचे व शिक्षा त्याने भोगायची हे मला पटत नाही.

घेणाऱ्यांसाठी एक साधी खूण सांगतो. मोटरवरच्या पट्टीवर २५० वॅट लिहिलेले असले तरी तेवढ्यावर विसंबू नये. बॅटरीचे व्होल्ट आणि कंट्रोलरवर लिहिलेले कमाल अँपिअर यांचा गुणाकार करावा. ६० व्होल्टची बॅटरी आणि २५ अँपिअरचा कंट्रोलर म्हणजे दीड हजार वॅट. कायद्यातली शक्ती सलग तीस मिनिटांची असते आणि हा आकडा क्षणभराचा असतो, त्यामुळे दोन्ही तंतोतंत जुळणार नाहीत हे खरे. पण एवढी तफावत दिसली की दुकानदाराला प्रमाणपत्र मागावे आणि त्यावरचे मॉडेलचे नाव गाडीवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. माझ्याकडे आलेल्या काही गाड्यांचे प्रमाणपत्र दुसऱ्याच मॉडेलचे होते.

सातारा, निवृत्त शिक्षक

माझी गाडी पूर्णपणे नियमात बसणारी आहे, तरीही मला लिहावेसे वाटते. दोन वर्षांपूर्वी भाजी घेऊन परतताना गल्लीच्या वळणावर एका आजींना माझ्या गाडीचा धक्का लागला. गाडीचा आवाज नसल्याने त्यांना चाहूल लागली नाही आणि मी हॉर्न वाजवला नाही. त्यांचे मनगट मोडले. माझ्या गाडीला विमा बंधनकारक नाही, म्हणून मी तो घेतलेला नव्हता. उपचाराचा सगळा खर्च मी दिला आणि तो देणे योग्यच होते. परंतु त्या घरची माणसे समंजस नसती तर पुढे काय झाले असते, याचा विचार मी त्या दिवसापर्यंत केलेला नव्हता. मोटार वाहन कायद्यातून सूट मिळाली तरी हयगयीने वाहन हाकण्याविषयीचे भारतीय न्याय संहितेतील कलम २८१ कोणत्याही वाहनाला लागू होते, हे मला वकील मित्राने नंतर सांगितले. आता वेग ताशी वीस असला तरी मी हेल्मेट घालतो आणि प्रत्येक वळणावर हॉर्न देतो.

नागपूर

माझी स्कूटर वेगवान, रीतसर नोंदणीची आणि हिरव्या पाटीची आहे. ऑगस्ट २०२१च्या अधिसूचनेमुळे नोंदणी प्रमाणपत्राचे शुल्क लागले नाही आणि पीयूसीची गरज नाही. मात्र हिरवी पाटी म्हणजे हेल्मेट आणि परवान्यातूनही सूट, असा समज माझ्या कार्यालयातल्या दोघांचा होता. तो चुकीचा आहे.

श्टुटगार्ट, जर्मनी

येथे आठ वर्षे राहताना मी दोन्ही प्रकार वापरले आहेत. ताशी २५ किलोमीटरपर्यंत साथ देणारी, २५० वॅटची विजेची सायकल येथे सायकलच मानली जाते. ताशी ४५पर्यंत जाणाऱ्या सायकलीला मात्र परवाना, हेल्मेट आणि विम्याची पाटी लागते, आणि एरवी ती सायकलमार्गावर नेता येत नाही, मोटारींच्या रस्त्यानेच जावे लागते. मला सर्वांत उपयोगी वाटते ती विम्याची छोटी पाटी. दर वर्षी १ मार्चला तिचा रंग बदलतो : काळा, निळा, हिरवा आणि पुन्हा काळा. त्यामुळे कुणाचा विमा संपला आहे हे पोलिसाला गाडी न थांबवता, लांबूनच दिसते. आपल्याकडे कमी वेगाच्या गाडीचा खरेपणा सीटखाली दडलेला असतो. तो बाहेरून दिसेल अशी प्रमाणित खूण गाडीवर असायला हवी, असे मला मनापासून वाटते.

ठाणे, डिलिव्हरीचे काम

माझी गाडी भाड्याची होती, दिवसाला दोनशे रुपये. नंबर नसलेली गाडी भाड्याने देणाऱ्याने "काही कागद लागत नाही" असे सांगितले आणि मी विश्वास ठेवला. तपासणीत गाडी अडकली, कारण ती चाळिसाच्या पुढे धावत होती आणि तिचे प्रमाणपत्र कुणापाशीच नव्हते. गाडी नऊ दिवस आवारात उभी राहिली. त्या नऊ दिवसांचे भाडेही मालकाने माझ्या अनामत रकमेतून कापून घेतले. वेग कुणी वाढवला हे मला माहीत नव्हते, परंतु चालवणारा मीच होतो. सध्याची गाडी घेण्यापूर्वी मी प्रमाणपत्राचा आणि चासी क्रमांकाचा फोटो काढून घेतला, सीट उचलून वायरी पाहिल्या, आणि मालकाला शेजारी उभे करून मोकळ्या रस्त्यावर तिचा वेग मोबाइलवर मोजला. तो चोवीस भरला, तेव्हाच अनामत रक्कम दिली.