आंबून गेलेल्या किमचीचं सूप होतं का?

खाडीकाठची (गुहागर)
मंडळी, जरा मदत हवी आहे. इकडे पाच दिवस झाले, पाऊस उघडीप म्हणून देत नाही. कपडे वाळत नाहीत, लाइट येऊन-जाऊन. त्यात लेक पुण्याहून आलीय, ती रोज रात्री मोबाइलवर कोरियन मालिका बघते. त्या मालिकांत कुणी ना कुणी काळ्या मातीच्या भांड्यातलं लाल, रटरटतं सूप फुंकून फुंकून ओरपत असतं. "आई, असलं काहीतरी गरम कर ना." म्हटलं, करू.

किमची, म्हणजे त्यांचं आंबवलेलं तिखट कोबीचं लोणचं, घरीच घातली. लांबट चायनीज कोबी इथे कुठला मिळायला? साधा गड्डा कोबी किलोभर, मुळा, आलं-लसूण, कांद्याची पात आणि लेकीने आणलेली गोचुगारू, म्हणजे त्यांची भरड लाल मिरची. कृतीत होतं, दोन दिवस बाहेर ठेवा, मग फ्रिजात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झाकण फिरवलं तर फस्सकन लाल पाणी उडालं ते थेट भिंतीवरच्या कॅलेंडरवर. चव घेतली तर कैरी परवडली इतकं आंबट.

तरी वाटीभर घेऊन सूप केलं. पाण्याला उकळी आणून किमची सोडली, पनीर घातलं, फिकं लागलं म्हणून चमचाभर मालवणी मसाला. झालं काय, तर वर आंबट पाणी, खाली करकरीत कोबी, आणि वास मटणाच्या रश्श्याचा. ह्यांनी शांतपणे विचारलं, "वाटप घालायचं राहिलं का?"

बरणीत अजून पुष्कळ उरलीय. खराब झाली समजून टाकू का? आणि सूप नीट कसं करतात? श्रावण आठ दिवसांवर आहे, तेव्हा मासळीचं असेल तर आत्ताच सांगा.

बोटवाला आप्पा
ताई, टाकू नका! तुमच्याकडे नेमका हवा तोच माल आहे. कढीला कसं गोड ताक चालत नाही, तसं या सूपला ताजी किमची चालत नाही. नुसती खायला नको इतकी आंबट झाली की तिकडच्या बायका ती सूपसाठीच बाजूला काढतात. त्याला म्हणतात किमची जिगे. पातळ सूप ते 'गुक', आणि हे जरा दाट, भाताबरोबर खायचं ते 'जिगे'.

मी बोटीवर होतो तेव्हा एका जानेवारीत आमचं जहाज दुरुस्तीला बुसानला लागलं होतं. वारा असा की कान आहेत की गळाले ते चाचपून बघावं. गोदीबाहेर एक आजीबाई हे जिगे विकायची. भाषा येत नव्हती, पण तिची शेगडी समोरच होती, त्यामुळे बघून बघून शिकलो.

तुमचं चुकलं ते पाण्यात किमची सोडली तिथे. आधी परतायची. दोन वाट्या किमची चिरून घ्या, एक कांदा उभा चिरा, चमचाभर तेलात मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं परता, कोबी मऊ पडून कडा जरा पारदर्शक दिसेपर्यंत. आंबटपणाचा कच्चेपणा तिथेच मरतो. मग पाव चमचा साखर, चमचाभर गोचुगारू, बरणीतलं लाल पाणी दोन-तीन चमचे. आणि पाणी साधं नाही, तांदळाचं दुसरं धुवण, अडीच-तीन वाट्या. आजीबाई तेच घालायची. त्यातल्या पिठूळपणाने रस्सा मिळून येतो. झाकून वीस मिनिटं मंद रटरटू द्या. मीठ अगदी शेवटी चाखून, किमचीत असतंच. सोयाचं पनीर, म्हणजे टोफू, जाड कापून शेवटच्या पाच मिनिटांत. वर पात.

ती डुकराचं मांस घालायची. नको असेल तर डब्यातला ट्यूना घालणारेही तिकडे खूप आहेत. मालवणी मसाला मात्र लांब ठेवा. धणे, लवंग, बडीशेप आली की कोरिया संपला. गोचुगारू संपली तर बेडगी बिया काढून भरड कुटा.

सुकटप्रेमी (वेंगुर्ला)
आप्पांनी मुख्य गोष्ट सोडली. तिकडे खाली सुक्या मासळीचं पाणी असतं. सुकी मांदेली घ्या, तीही त्यांच्या अँकोव्हीच्याच कुळातली. डोकं आणि पोट काढायचं, नाहीतर कडू होतं. कोरडी भाजून धुवणात दहा मिनिटं उकळा नि गाळा. किमचीत ते खारवलेली बारीक कोळंबी घालतात, सेउजॉत म्हणून. आपला जवळा त्याच जातीतला समजा. मी मूठभर भाजून घालतो. रेती नीट धुवा मात्र.

प्रयोगवही
थोडं बरणीबद्दल. कोबी आंबवणारे लॅक्टिक आम्लाचे जिवाणू आपल्याकडच्या २८-३० अंशांत सुसाट सुटतात. फ्रिजात ज्याला दोन-तीन आठवडे लागतात ते इथे दीड-दोन दिवसांत होतं. फसफस म्हणजे कार्बन डायऑक्साइड. बरणी वर बोटभर रिकामी ठेवा, झाकण सैल, कोबी रसात बुडलेला. वर पातळ पांढरा तवंग आला तर तो बहुधा यीस्टचा, काढून टाका. हिरवी-काळी केसाळ बुरशी दिसली तर मात्र अख्खी बरणी फेका, नुसता वरचा थर काढून भागत नाही. आणि बिनकल्हईच्या पितळेत किंवा ॲल्युमिनियममध्ये हे शिजवू नका, आंबट आहे.

बोटवाला आप्पा
सुकटप्रेमी, मान्य. खरं म्हणजे हे सगळं त्यांची आगोटच. आपण पावसाआधी सुकी मासळी, आमसुलं भरून ठेवतो, ते हिवाळ्याआधी गावच्या गाव जमवून किमची घालतात. 'किमजांग' म्हणतात, २०१३ साली युनेस्कोच्या यादीत गेलं. पूर्वी माठ जमिनीत पुरायचे, आता किमचीचा वेगळा फ्रिज असतो. आपल्या आगोटीला कोण विचारतंय म्हणा.

खाडीकाठची (गुहागर)
केलं! मांदेलीचं पाणी, आप्पांची परतणी, आणि माळ्यावरची मातीची तवली काढली. मंद आचेवरच ठेवली, तडकली नाही. कोबी असा मऊ झाला की लेक म्हणाली, अगदी तसंच दिसतंय. चव तिने तिकडची कधी घेतलीच नाहीये, पण असो. नाक वाहिलं सगळ्यांचं. ह्यांनी दोनदा भात घेतला, आणि तिसऱ्यांदा "थोडं खोबरं असतं तर" म्हणाले, तेव्हा मी उठून गेले.

सासूबाईंचं कांदा-लसूण चातुर्मासात बंद, त्यांना वेगळं मुगाचं कढण केलं. श्रावणात उरलेल्या किमचीचं मासळीऐवजी अळंबी घालून करीन म्हणते. बरणी आता फ्रिजात आहे, झाकण सैल, खाली ताटली.

एकच अडचण. कॅलेंडरवरचा डाग पुढच्या पानापर्यंत उतरलाय. नारळी पौर्णिमा यंदा कितीला आहे, कुणी सांगेल का?