मोकरानी म्हणजे आपले मकरानीच ना?

कागदी_घोडा: बॅलार्ड पिअरला क्लिअरिंगच्या ऑफिसात आहे. गेल्या आठवड्यात अल्जीरियाच्या बेजाया बंदरातून खजूर आला. पाठवणाऱ्याचं आडनाव 'मोकरानी'. टायपिंगची चूक समजून मी बिल ऑफ एन्ट्रीत (कस्टमला द्यायच्या आयातीच्या कागदात) 'मकरानी' करून टाकलं, कारण आमच्या अक्कलकुव्याकडे मकरानी बरेच. कागद जुळेनात, दुरुस्तीचा अर्ज करावा लागला, साहेबांनी झापलं ते वेगळंच. पण नाव एकच ना?

पाणबुडी: अजिबात नाही. मकरानी म्हणजे मकरानचे, बलुचिस्तानच्या किनाऱ्याचे. एक कानामात्रा खाल्लीत नि थेट आफ्रिकेतून इकडे आलात!

उरणचा_म्हात्रे: मोकरानी हे कबाइल नाव. कबाइल म्हणजे अल्जीयर्सच्या पूर्वेकडच्या डोंगरातले बर्बर. त्यांच्या भाषेत 'अमोकरान' म्हणजे मोठा, थोरला. आमचं म्हात्रे 'महत्तर'वरून आलं, म्हणजे गावचा थोर माणूस. तेव्हा तुमचा खजूरवाला अर्थाने म्हात्रेच निघाला की!

घराणं साधं नाही. बेनी अब्बासच्या किल्ल्यावर त्यांची सत्ता, पुढे मेदजानात. अल्जीरियावर तेव्हा फ्रेंचांचं राज्य, आणि शेख मोकरानी त्यांचाच बाशाआगा, म्हणजे वतनदार म्हणा. 1867-68 च्या दुष्काळाने मुलूख खंगला होता, त्यात 1870 ला पॅरिसमधली बादशाही पडली आणि अल्जीरियातली सत्ता लष्कराकडून गोऱ्या वसाहतवाल्यांकडे जायला लागली. मार्च 1871 मध्ये ह्याने फ्रेंचांविरुद्ध उठून बोर्ज बू अरेरिज गावाला वेढा घातला. एप्रिलमध्ये रहमानिया ह्या सूफी पंथाचे वृद्ध शेख अल-हद्दाद सामील झाले, तेव्हा कुठे सामान्य शेतकरी उठला. माझ्या मते खरं बंड तिथून. मोकरानी 5 मेला गोळी लागून पडला. भाऊ बूमेझराग जानेवारी 1872 पर्यंत लढला, मग त्याला पार पॅसिफिकमधल्या न्यू कॅलेडोनिया बेटावर धाडलं. जमिनी सरकारजमा.

पाणबुडी: म्हणजे आजचे सगळे मोकरानी त्याचे वंशज?

उरणचा_म्हात्रे: तसं नका समजू. कायमची आडनावं तिथे 1882 च्या फ्रेंच कायद्याने लादली. काही कबाइल गावांत कारकुनांनी अख्ख्या गावाला एकाच अक्षराने सुरू होणारी आडनावं वाटली. आणि सगळे म्हात्रे तरी कुठे एका घरचे?

कागदी_घोडा: धन्यवाद! पुढच्या कंटेनरवाल्याच्या नावाआधी 'आइत' आहे. ते गाळलं तर चालेल ना?

उरणचा_म्हात्रे: अहो, नका! 'आइत' म्हणजे अमक्याची लेकरं, पुढे मूळ पुरुषाचं नाव. गाळलंत तर परत अर्ज.