टायर बदलल्यापासून पिवळा दिवा विझेना, मदत हवी आहे
गाडी २०१८ ची, चारही चाकांत व्हॉल्व्हला जोडलेले, हवेचा दाब मोजणारे मूळचे सेन्सर. गेल्या आठवड्यात पुढचे दोन टायर नवे टाकले. तेव्हापासून गाडी सुरू केली की टायरचा दिवा मिनिटभर लुकलुकतो, मग पेटूनच राहतो. स्क्रीनवर डाव्या पुढच्या चाकापाशी दाबाच्या आकड्याऐवजी नुसत्या रेघा.

हवा सकाळी थंड टायरमध्ये मोजली, चारही ३३ पीएसआय. व्हॉल्व्हला साबणाचं पाणी लावलं, बुडबुडा नाही. रीसेट करून ४० किलोमीटर चालवली, फरक शून्य. शिवाय ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. बॅलन्सिंग दोनदा झालंय.

टायरवाला म्हणतो, सेन्सरची बॅटरी संपली. नेमकी त्याच दिवशी? बॅटरी गेली की टायर चढवताना सेन्सर तुटला, हे टायर परत न उतरवता कसं ओळखायचं? आणि तुटका तुकडा आत फिरत असेल, तर थरथर त्याचीच की रिमही तपासून घेऊ?